न पाहिलेल्यांचे ऋण

परदेशी जाऊन विद्या संपादन करून परतलेल्या तरुणांची भेट झाली म्हणजे त्यांनी तेथून काय आणले, हे विचारण्याचा मोह आपणांपैकी बहुतेकांस होतो. कोणी पदवी आणतो, कोणी नोकरी मिळवून येतो, कोणी नुसत्याच आठवणी घेऊन येतो. परंतु तेथे काय गमावले, असे आपण सहसा विचारीत नाही; आणि विचारलेच तर प्रामाणिक उत्तर देणारा विरळाच. गेल्या दिवाळीत माझ्या एका स्नेह्याची कन्या मला भेटावयास आली, तेव्हा मी न विचारताच तिने हा विषय काढला. तिच्या प्रश्नाने मला पुष्कळ दिवस स्वस्थ बसू दिले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

ही मुलगी वैद्यकाची पदवी घेऊन दोन वर्षे एका ग्रामीण आरोग्यकेंद्रात काम करीत होती. पुढे सार्वजनिक आरोग्य हा विषय शिकण्यासाठी ती युरोपात गेली. तेथील काही विद्यापीठे मिळून हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालवितात. त्यात विद्यार्थ्याने एका देशात बूड टेकून न बसता देशोदेशी जाऊन शिकावयाचे असते. तिचे पहिले वर्ष इंग्लंडात गेले, दुसरे बव्हंशी पोलंडात, आणि शेवटचे काही महिने फ्रान्सात. मधल्या सुटीत ती जर्मनीतही हिंडून आली.

पोलंडात असताना एका रात्री तिला गावाकडून आत्याचा फोन आला. शेजारच्या घरातील तान्हे मूल गोवर येऊन, पुढे फुप्फुसास सूज चढून गेले होते. त्या घरातली सून या मुलीच्या बरोबरीची. दोघी एकाच शाळेत शिकलेल्या. आत्याचे बोलणे संपते न संपते तोच हिच्या तोंडून शब्द निघाले, "वय किती होतं? लस झाली होती का?" पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग आत्या म्हणाली, "सात महिन्यांचं लेकरू गं ते," आणि तिने फोन ठेवला.

"काका," ती मला म्हणाली, "खेड्यात होते तेव्हा असं झालं असतं तर आधी माझ्या डोळ्यांत पाणी आलं असतं. आता आधी आकडा येतो. हजारो माणसं कशी वाचवायची हे मी दोन वर्षं शिकले, आणि त्यात एका माणसासाठी रडायचं विसरले. हे शिक्षण की अधःपात, ते तुम्हीच सांगा."

नीतिशास्त्र शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याने अशा प्रश्नास तत्काळ उत्तर द्यावे अशी अपेक्षा असते. मला ते देता आले नाही. मी तिला एवढेच म्हणालो की, "तू काय काय पाहिलंस ते आधी सगळं सांग." ती सांगत गेली, आणि तिच्या सांगण्यातच मला उत्तराचे काही धागे सापडले.

करुणा म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते ती समोर दिसणाऱ्या दुःखाविषयीची करुणा. काशीहून रामेश्वरास नेण्यासाठी आणलेले गंगोदक वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घालणारे एकनाथ महाराज हा आपला आदर्श. त्यात गाढव समोर आहे, त्याची तहान दिसते आहे, आणि हातात पाणी आहे. परंतु जो प्राणी समोर नाही, ज्याची तहान अद्याप लागावयाची आहे, त्याच्याविषयी करुणा बाळगता येते काय? आणि आलीच, तर तिला करुणा म्हणावे, की नुसता हिशेब?

आपल्या पूर्वजांना हा प्रश्न अपरिचित नव्हता. धर्मशास्त्रात इष्ट आणि पूर्त असे पुण्यकर्माचे दोन प्रकार सांगितले आहेत. यज्ञयागादि ते इष्ट. विहिरी, तळी, बागा, अन्नदान हे पूर्त. विहीर खणणाऱ्यास तिचे पाणी पिणारा वाटसरू कधीच भेटत नाही. अहल्याबाई होळकरांनी देशभर घाट आणि विहिरी बांधल्या, त्या ज्यांच्या उपयोगी पडल्या त्यांपैकी बहुतेकांस बाईंनी पाहिलेही नव्हते. तेव्हा न पाहिलेल्याविषयीची कळकळ ही काही पश्चिमेकडून आलेली वस्तू नव्हे. पश्चिमेने एकोणिसाव्या शतकात त्या पूर्तधर्मास एक अवघड प्रश्न तेवढा जोडला: विहीर खणलीस हे खरे, पण तिच्या पाण्यात काय आहे हे तू पाहिलेस काय?

या प्रश्नाचे जन्मस्थान म्हणून लंडनच्या सोहो भागातील ब्रॉड स्ट्रीटकडे बोट दाखविण्याचा प्रघात आहे. इंग्लंडात गेल्यावर आमच्या विद्यार्थिनीने पहिली यात्रा केली ती तेथे. १८५४ च्या ऑगस्टअखेर त्या वस्तीत पटकीचा भडका उडाला आणि तीत सहाशेहून अधिक माणसे दगावली. पटकी दूषित हवेने होते असा त्या काळच्या बहुतेक वैद्यांचा समज होता. जॉन स्नो या डॉक्टराने मेलेल्यांची घरे नकाशावर मांडली, तेव्हा ती एका सार्वजनिक पंपाभोवती दाटलेली आढळली. या पंपाचे पाणी चवीला उत्तम म्हणून प्रसिद्ध होते. दूर हॅम्पस्टेड येथे राहणाऱ्या एका वृद्ध विधवेस तर ते इतके आवडे की ब्रॉड स्ट्रीटवर कारखाना चालविणारे तिचे मुलगे तिच्यासाठी मुद्दाम तेथून पाणी धाडीत. ते पिऊन ती म्हातारी मेली आणि तिच्याकडे आलेली तिची पुतणीही मेली.

या प्रसंगावर क्षणभर थांबावे असे मला वाटते. मुलांच्या मातृप्रेमात काय उणे होते? काहीच नाही. त्यांनी आईला प्रेमाने विष पाजले, आणि ते विष आहे हे कळण्यास प्रेमाचा काडीमात्र उपयोग नव्हता. ते कळले कोणास, तर त्या म्हातारीस जन्मात न पाहिलेल्या, मेलेल्यांची मोजदाद करीत दारोदार हिंडणाऱ्या एका डॉक्टरास. त्याच वर्षी स्नोने लंडनला पाणी पुरविणाऱ्या दोन कंपन्यांचा ताळा मांडला. एक कंपनी थेम्स नदीचे घाण पाणी शहरातूनच उचलीत असे. दुसरीने आपली उचल नदीच्या वरच्या, स्वच्छ अंगास नेली होती. पहिलीच्या दर दहा हजार घरांमागे मृत्यू ३१५, दुसरीच्या ३७. या दोन आकड्यांमधील अंतर म्हणजे जगू शकली असती अशी माणसे. त्यांची नावे कोणास सांगता येणार नाहीत, परंतु ती नव्हती असे म्हणण्याचे धाडसही कोणी करू नये.

१८५४ च्या ८ सप्टेंबरास त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. साथ तोवर ओसरू लागली होती आणि हे स्नोने स्वतःच प्रांजळपणे नमूद केले आहे. मग दांडा काढून कोण वाचले? याचे उत्तर त्या भागातील हेन्री व्हाइटहेड या तरुण पाद्र्याच्या शोधातून मिळाले. स्नोचे म्हणणे खोटे ठरवावे या हेतूने तो घरोघर गेला आणि शेवटी त्यालाच ते पटले. पंपाशेजारच्या ४० क्रमांकाच्या घरात पाच महिन्यांची एक मुलगी साथीच्या आरंभीच आजारी पडली होती. तिचे लंगोट धुतलेले पाणी आई घरापुढील शौचकूपात टाकी, आणि त्या कूपाचा पाझर विहिरीत उतरत होता. मुलगी गेली. पुढे ज्या दिवशी दांडा काढला त्याच दिवशी तिचा बाप अंथरुणास खिळला, आणि त्याचीही घाण त्याच कूपात गेली. दांडा जागेवर असता तर विहीर पुन्हा विषारी होऊन दुसरी साथ उसळण्याचा संभव होता. ती उसळली नाही. त्या न उसळलेल्या साथीतून वाचलेल्यांस आपण वाचलो हे कधी कळलेच नाही, म्हणून त्यांनी कोणाचे आभार मानण्याचाही प्रश्न आला नाही.

सार्वजनिक आरोग्याचे सारे काम हे असे आहे. शस्त्रक्रिया करून उठविलेला रोगी वैद्याच्या पाया पडतो. शुद्ध पाणी पिऊन निरोगी राहिलेला मनुष्य नळपट्टी जास्त झाली म्हणून कुरकुरतो! लंडनचे प्राध्यापक जेफ्री रोज यांनी १९८१ साली या गोष्टीतील एक विरोधाभास उघड करून दाखविला. समाजास मोठा लाभ देणारा उपाय त्यातील प्रत्येक व्यक्तीस मात्र फारच थोडा लाभ देतो, असे त्यांचे म्हणणे. मग त्या एकेकाने त्यासाठी झीज का सोसावी? आणि कृतज्ञतेवाचून चालणाऱ्या या कामास बळ कोठून मिळावे?

बळ न मिळाल्यास काय होते, हे तिने जर्मनीतील हॅम्बर्ग येथे पाहिले. एल्ब नदीवरील हे धनाढ्य व्यापारी शहर नदीचे पाणी न गाळताच नळांनी घरोघर देत असे. त्याला लागूनच अल्टोना हे दुसरे गाव होते. ते नदीच्या खालच्या अंगास, म्हणजे हॅम्बर्गची घाण मिळालेलेच पाणी उचली. परंतु वाळूच्या थरांतून गाळून मग लोकांस देई. १८९२ साली पटकी आली, तेव्हा हॅम्बर्गात सुमारे ८,६०० माणसे मेली आणि अल्टोना बव्हंशी वाचले. सीमेवर काही घरे हॅम्बर्गच्या हद्दीत असून पाणी मात्र अल्टोनाचे पीत होती. त्यांनाही रोगाची झळ लागली नाही. पाणी गाळण्याची योजना हॅम्बर्गकरांस ठाऊक नव्हती असे नाही. खर्च कोणी सोसावयाचा या वादात ती वर्षानुवर्षे रेंगाळली होती, आणि साथ आली तेव्हा काम अपुरे होते. पुढच्याच वर्षी ते पुरे झाले! त्या शहराचे कारभारी काही दुष्ट नव्हते. दारी आलेल्या तहानेल्यास त्यांपैकी कोणीही पाणी नाकारले नसते. त्यांची करुणा दृष्टीच्या टप्प्यापुरती होती, एवढाच त्यांचा दोष. आणि तो दोष आपणा सर्वांचा आहे.

येथपर्यंत कोणीही म्हणेल की, तर मग आकडाच श्रेष्ठ, अश्रूंचे काय प्रयोजन? परंतु पोलंडात गेल्यावर आमच्या विद्यार्थिनीस नाण्याची दुसरी बाजू दिसली. क्राकूफ शहरापासून फार दूर नाही असा वरच्या सायलेशियाचा प्रदेश आज पोलंडात आहे. १८४८ साली तो प्रशियाच्या अमलाखाली होता. तेथे दुष्काळापाठोपाठ टायफस तापाची साथ पसरली, तेव्हा सरकारने चौकशीसाठी रुडोल्फ व्हिर्शो या सव्वीस वर्षांच्या डॉक्टरास धाडले. त्याने औषधांची यादी द्यावी अशी अपेक्षा होती. तीन आठवड्यांच्या आत परतून त्याने जो अहवाल लिहिला त्यात लोकांस स्वराज्याचे हक्क द्या, शिक्षण द्या, आणि त्यांच्या पोलिश भाषेस मान द्या, असे सांगितले! रोगी पोलिश बोलणारे आणि अंमलदार जर्मन. ज्यांच्या आरोग्याची काळजी वाहावयाची त्यांचे बोलणेच राज्यकर्त्यांस कळत नव्हते. रोग्यांना मोजण्यापूर्वी त्यांचे म्हणणे ऐकले पाहिजे, हा या अहवालाचा इत्यर्थ.

तो न ऐकल्याचे फळ आपण महाराष्ट्रीयांनी भोगले आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला आणि पुढील वर्षाच्या आरंभी तो पुण्यात आला. घरोघर झडती, रोग्यास इस्पितळात हलविणे, घरच्या माणसांस छावणीत ठेवणे, हे सारे उपाय साथरोगाच्या शास्त्रास सर्वस्वी सोडून होते असे आजही कोणी म्हणणार नाही. परंतु ते गोऱ्या शिपायांकरवी देवघरात व माजघरात बूट वाजवीत अमलात आले. लोकांनी रोगी लपविले, प्रेते लपविली. २२ जून १८९७ रोजी रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली, आणि त्यापुढील इतिहास वाचकांस विदित आहेच. त्याच पुण्यात, त्याच वर्षी, सावित्रीबाई फुले प्लेगच्या एका आजारी मुलास पाठीवर घेऊन आपल्या पुत्राच्या दवाखान्यात गेल्या. त्यांनाही रोग जडला व १० मार्चास त्यांनी देह ठेवला. रोग्यास घराबाहेर काढणे ही गोष्ट दोन्हीकडे एकच होती. एकीकडे शिपायाची संगीन होती, दुसरीकडे एका वृद्ध स्त्रीची पाठ. शास्त्रास हा भेद मोजता येत नाही. ज्यास उचलून नेले जात होते त्यास मात्र तो कळत होता.

फ्रान्सात पोहोचल्यावर पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये तिला आपल्या मुंबईशी जोडलेले एक नाव आढळले. ओडेसाहून आलेले वाल्डेमार हाफकीन तेथे आरंभी ग्रंथपाल होते. १८९२ साली त्यांनी पटकीची लस सिद्ध करून प्रथम स्वतःस टोचून घेतली. मुंबईत प्लेगची लस केली तेव्हाही, १८९७ च्या जानेवारीत, पहिला प्रयोग स्वतःच्याच देहावर केला. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांस ही लस टोचली. पैकी एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मेले. हाफकीन यांस कामावरून दूर करण्यात आले. दोष त्यांच्या लशीचा नव्हता हे मान्य होऊन त्यांच्यावरचा ठपका निघण्यास १९०७ साल उजाडावे लागले. परळची प्रयोगशाळा १९२५ पासून त्यांच्या नावाने ओळखली जाते.

या कथेत लशीने वाचलेल्या हजारोंस चेहरा नाही आणि मेलेल्या एकोणीस जणांस आहे. म्हणून लोकमत एकोणिसांच्या बाजूने उभे राहिले. ते सर्वथा चुकले असे मी म्हणणार नाही. हजारांच्या कल्याणाचा दाखला देऊन एकोणिसांच्या घरच्यांस गप्प बसविणारे शास्त्र मला तरी अमानुष वाटेल. पण एकोणिसांकडे पाहून हजारांस वाऱ्यावर सोडणारी दयाही तितकीच आंधळी होय. स्वतःच्या दंडात सुई टोचून घेणाऱ्या त्या माणसाने, मला वाटते, हा गुंता आपल्यापुरता सोडविला होता. ज्या हजारांचा हिशेब मांडावयाचा त्यांतील एक आपण आहोत, हे त्याने आधी मान्य केले. आपला देह ज्याने त्या बेरजेत धरला, त्याचा आकडा निर्दय होत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. "लस झाली होती का?" असे विचारणाऱ्या मुलीचे हृदय शुष्क झाले होते काय? मला तसे वाटत नाही. तो प्रश्न पुढील मुलाच्या वतीने विचारलेला होता. जे मूल अद्याप आजारी पडलेले नाही, ज्याचे नाव तिला ठाऊक नाही, त्याचे ऋण तिने मनोमन स्वीकारले होते. गणती ही कित्येकदा पोरक्यांचा आधार असते. ज्याच्यासाठी रडणारे कोणी नाही तोही तीत एक म्हणून धरला जातो, आणि राजाचा पुत्रही तीत एकाहून अधिक भरत नाही. मात्र गेलेल्या मुलाच्या घरचे ऋण निराळे होते आणि ते आधी फेडावयाचे होते. एका ऋणाच्या पावतीने दुसरे फिटत नाही. तिची चूक प्रश्नात नव्हती, क्रमात होती. आणि ज्या क्षणी तो विचारला त्या क्षणात होती. मी तिला हे सांगितले. ती म्हणाली, "मग आता काय करू?" मी म्हणालो, "त्या घरी जा."

ती गेली. पंधरा दिवसांनी पुन्हा माझ्याकडे आली तेव्हा तिने जे सांगितले ते येथे लिहिण्यास तिची संमती आहे.

त्या बाळाची आई बराच वेळ काहीच बोलली नाही. मग खाली मान घालून तिने विचारले, "खरं सांग. मी त्याला मामाच्या लग्नाला नेलं, तिथं गर्दी होती. सगळे म्हणतात म्हणूनच झालं. माझंच चुकलं ना?" हे ओझे ती कित्येक महिने एकटी वाहत होती, आणि घरातील कोणी ना कोणी ते रोज थोडे वाढवीत होते.

तेव्हा आमच्या या विद्यार्थिनीने, परदेशी शिकलेले सारे शास्त्र तिच्या भाषेत आणून, तिला समजावून सांगितले. गोवराची लस सामान्यतः मुलास नऊ महिने पुरे झाल्यावर देतात; सात महिन्यांच्या मुलास ती मिळावयाची वेळच आली नव्हती. एवढ्या लहानग्यांचे रक्षण त्यांच्या आईने करावयाचे नसून भोवतालच्या मोठ्या मुलांनी करावयाचे असते. दर शंभरांत पंचाण्णव मुलांस लशीच्या दोन्ही मात्रा मिळाल्या तर रोगास शिरावयास वाट राहत नाही आणि उरलेली पाच त्यांच्या आडोशास सुखरूप राहतात. तो आडोसा गावाने धरला नाही. "तुझं काही चुकलं नाही," ती म्हणाली, "चुकलं असेल तर आमचं सगळ्यांचं."

लंडनच्या त्या ४० क्रमांकाच्या घरातील आईस असे कोणी सांगितले होते काय, हे मला ठाऊक नाही. सांगावयास हवे होते. निष्काळजी हात म्हणून तिच्याकडे बोट दाखविणे सोपे होते. पण शौचकूप विहिरीशेजारी बांधून तो पाझरू देणारे शहर तिच्याहून अधिक अपराधी होते. ज्या आकड्याने आपली माया आटली असे माझ्या स्नेह्याच्या मुलीस वाटत होते, त्याच आकड्याने एका आईच्या माथ्यावरचा दोष उतरवून तो जेथला तेथे, म्हणजे आपणा सर्वांच्या माथी ठेवला. नुसत्या अश्रूंना हे साधले नसते. ते तिच्याबरोबर वाहिले असते, पण तिला मोकळी करू शकले नसते. अर्थात् परदेशातून पत्राने कळविलेल्या आकड्यासही हे साधले नसते. त्या घराचा उंबरा ओलांडून, सतरंजीवर शेजारी बसूनच ते सांगावे लागले.

"मग ती काय म्हणाली?" मी विचारले.

"काही नाही," ती म्हणाली. "उठून तिनं चहा टाकला. आणि निघताना म्हणाली, पलीकडच्या आळीत दोघी-तिघींनी दुसरी मात्रा चुकवलीय, उद्या माझ्याबरोबर येशील का?"